जेवण किंताला

लिस्बन, ग्रासा
रविवार, ३ मे २००९

प्रिय इलीदियो,

तुला आणि तुझ्या बायकोला, ओदेतला, मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत. आम्ही म्हणजे मी एकटीच, पण ‘मी ठीक आहे’ असं लिहिलं की कोणी आजारी बाई लिहितेय असं वाटतं.

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. पुलाचं चित्र छान आहे, फक्त पुलावर एकही माणूस नाही. लक्झेंबर्गमध्ये सगळे कामावर गेले होते वाटतं. कार्ड मी जिन्यात उभ्या उभ्या वाचलं, मग घरात येऊन वाचलं, मग चष्मा लावून वाचलं. तिन्ही वेळा तेवढंच होतं: ‘मंगळवारी २६ ला येतोय, ओदेत आणि मी. शनिवारपर्यंत. हल्ली लिस्बनमध्ये कुठं जेवायचं ते कळव. जेवण किंताला? — इ.’

अकरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलंस आणि विचारलंस काय, तर कुठं जेवायचं. बरं. जे विचारलंयस त्याचंच उत्तर देते.

खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. सव्वीस वर्षं एर्मीनियोच्या खानावळीत चुलीपुढे उभी आहे, दुसऱ्याच्या हातचं जेवायला जाणार कधी? रस्त्यात कोणी विचारलं, बाई इथं चांगलं कुठं मिळतं, तर मी त्याला आमच्याच दारात आणून सोडते. पण तुला आमच्या दारात ये म्हणायचं की नाही, हे काही मला ठरवता येईना. म्हणून शुक्रवारी एक मेची सुट्टी होती, तेव्हा चांगले बूट घातले आणि तुझ्यासाठी गाव बघायला निघाले. कामगारांच्या दिवशी निम्मं गाव बंद असतं हे मला सुचलंच नाही. स्वयंपाकघरात राहून माणूस असा होतो.

आधी गेले उतारावरच्या त्या कोळशाच्या खानावळीत, जिथं बाबा आपल्याला भाजलेली कोंबडी खायला न्यायचे आणि तू तिखट लावून घेऊन रडायचास. तिथं आता फ्रिजला चिकटवायचे कोंबडे विकतात. कोंबडीचा संबंध तेवढाच राहिला. पुढे नदीकडे उतरले तर एका दारात पोरगेलासा वेटर उभा. मला बघून इंग्रजीत बोलायला लागला. मी म्हटलं, बाळा, मी याच गावात जन्मले. त्यावर तो परत इंग्रजीतच काहीतरी म्हणाला आणि माझ्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं. त्यात भाताचं चित्र होतं, कॉड माशाचं चित्र होतं, आणि ते बघून मला आपण काय खातो तेच कळेना. मी बसले. ऑलिव्ह आणि पाव समोर आले, हात लावला नाही, त्यांनी उचलून नेले, मी उठले. एवढंच माझं बाहेरचं जेवण.

तरी शनिवारी चार ठिकाणी विचारून आले. लिहून घे.

मंगळवारी तुम्ही दमून येणार. राटोच्या मागच्या गल्लीत तीन पायऱ्या उतरून एक जागा आहे, पाटी नाही, आल्बर्तीना नावाची बाई चालवते. तिथं हिरव्या कोबीचं सूप घ्या आणि झोपा. बुधवारी दारांवर ‘गोगलगायी आहेत’ अशा पाट्या दिसतील. जिथं पाटी हाताने लिहिलेली असेल तिथं जा, छापलेली असेल तिथं जाऊ नका. शुक्रवारी अर्थातच कॉड, चण्यांबरोबर उकडलेला, वरून कच्चा कांदा. शनिवारी निघायच्या आधी उभ्यानं डुकराचं मांस घातलेला पाव, मोहरी जास्त. ओदेत सार्डिन मागेल. मागू देऊ नकोस. मे महिन्यात सार्डिनच्या अंगावर चरबी नसते, जूनमध्ये सांत आंतोनियोच्या सणापर्यंत थांबणार असाल तर गोष्ट वेगळी.

गुरुवारचं राहिलं. गुरुवारचं मागाहून बघू.

आज आईचा दिवस, सगळीकडे फुलंच फुलं. सकाळच्या बसने बुसेलासला जाऊन आले. तिच्या कबरीपाशी पांढरी फुलं ठेवली, मग मळ्यावर जाऊन पाणी घातलं. लोकाटाच्या झाडाला यंदा इतकं फळ आहे की फांद्या टेकल्यात. दगडी मेज तसंच आहे. वेलाखालची खुर्ची मोडली होती ती मी दोरीने बांधली आहे, पण तिच्यावर तू बसू नकोस. म्हणजे बसायची वेळ आली तर.

आता ती तुझी शेवटची ओळ. बावीस वर्षं परदेशात बस चालवून माणूस काय काय विसरतो, म्हणून लिहिते: आपल्याकडे गुरुवारही किंता आणि मळाही किंता. मागच्या वेळी मी तुला लिहिलं होतं, ‘आईचा ऐंशीवा. जेवण किंताला. चुकवू नकोस.’ मी म्हटलं होतं मळा. तू वाचलास गुरुवार. रविवारी जेवण झालं आणि तू बुधवारी आलास. दोष भाषेचा, आपला कोणाचा नाही, असंच मी अजून सगळ्यांना सांगते. आणि आता तू मला तीच ओळ लिहितोस, तेही प्रश्नचिन्ह लावून. ही थट्टा आहे, टोमणा आहे की खरंच विचारतोयस? मी तीन दिवस डोकं खाजवतेय.

तेव्हा या वेळी स्पष्ट लिही. गुरुवार की मळा?

तुझी,
डेल्फिना


लिस्बन
गुरुवार, १४ मे

प्रिय इलीदियो,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुढे चालू धर.

तुझं दुसरं कार्ड काल आलं. मी विचारलं गुरुवार की मळा, आणि तू लिहिलंस: ‘हो. — इ.’ खाली उतरायच्या जागेचा पत्ता. चित्रावर पुन्हा तोच रिकामा पूल.

हो म्हणजे काय रे?

कार्ड मी खानावळीत नेलं, ही माझी चूक झाली. एर्मीनियोला एका कानाने ऐकू येत नाही हल्ली, पण दुसऱ्याची पत्रं वाचायला डोळे शाबूत आहेत. तो म्हणाला, “गुरुवार. मळा म्हणायचं असतं तर माणूस दोन शब्द जास्त लिहितो.” मग पातेली घासता घासता म्हणाला, “किंवा मळा.” दुपारपर्यंत खानावळीत दोन तट पडले. खिडकीजवळचे सगळे गुरुवारवाले, भिंतीकडचे मळेवाले. पोस्टमन सूप पिऊन उठताना मला म्हणाला, बाई, त्याला फोन का करत नाही तुम्ही? सगळे हसले. मी आत जाऊन कांदे चिरले. कांदे तर लागणारच नव्हते.

फोन का करत नाही, हे तूही विचारशील. तुझा नंबर माझ्या वहीत आहे, अजून तोच असेल तर. रिसीव्हर उचलते आणि परत ठेवते. लिहायला बरं पडतं, लिहिताना कोणी मधेच ‘मग?’ म्हणत नाही.

यादीत बदल आहे. आल्बर्तीनाकडे जाऊ नका, तिचा गुडघा दुखतोय आणि तिची सून सूपमध्ये बटाटा जास्त घालते. किंवा जा, बटाट्याने कोणी मेलं नाही. गोगलगायींचं मात्र पक्कं: पायऱ्यांच्या कोपऱ्यावरचा माणूस त्यात ओवा घालतो, घालू देत, चांगला लागतो. शुक्रवारच्या कॉडचं मी लिहिलं होतं ती जागा खोड. का खोड ते विचारू नकोस. शुक्रवार, कॉड हे काही मला बरं वाटत नाही. शुक्रवारी दुसरं काही खा.

काल भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. आईचा वाढदिवस अठ्ठावीस मे, यंदा गुरुवारीच येतो. तुला ते माहीत होतं का? माहीत असणारच, म्हणून तर तू तिकीट त्या आठवड्याचं काढलंस. त्या वर्षीही गुरुवारीच होता. म्हणून तर तू किंता वाचून गुरुवार समजलास, त्यात तुझं काही चुकलं नाही. वाढदिवस गुरुवारी तर जेवण गुरुवारीच, असं कोणालाही वाटेल. मी जेवण आधीच्या रविवारी ठेवलं, कारण गुरुवारी मला खानावळ होती आणि चुलत भावंडांना काम होतं. तारीख मी लिहायला हवी होती. एवढं मी मान्य करते. लिहून देते: तारीख मी लिहायला हवी होती.

त्या रविवारचं तुला मी कधी सांगितलं नाही, कारण त्यानंतर आपण बोललोच नाही. आईने तो निळा झगा घातला होता, तू पाठवलेला, ज्याची बटणं तिला लागत नसत. सकाळी तिने स्वतः दुधात गोड भात आटवला. मला पातेल्याला हात लावू दिला नाही. सगळ्यांसाठी मोठ्या ताटात ओतला आणि तुझ्यासाठी वेगळी ताटली केली. दालचिनीची पूड चिमटीतून सोडत त्या ताटलीवर तिने तुझं अक्षर काढलं, ‘इ’. हात थरथरत होता म्हणून ‘इ’ची शेपटी लांब गेली. मग फाटकाकडे तोंड करून बसली. सगळे जेवले. ती म्हणाली, तो येऊ दे, मग आपण बसू. चार वाजले तेव्हा म्हणाली, त्याचं झाकून ठेव.

सोमवारी संध्याकाळी ती गेली. वाढदिवसाला तीन दिवस होते. हे तुला माहीत आहे.

तू फोन केला होतास असं कधीकधी माझ्या मनात येतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, खानावळीत. एर्मीनियोने मला निरोप दिला असेल, नसेल. शुक्रवार, कॉडचा दिवस, दारापर्यंत माणसं उभी, कोण काय ओरडतंय कळत नाही. मला नीट आठवत नाही. अकरा वर्षं झाली.

तर, हो म्हणजे काय? तू लिहिणार नाहीस, मला ठाऊक आहे. लहानपणीही असाच होतास. दूध हवं की कॉफी विचारलं की ‘हो’, आणि मग आपण काय ओततो ते बघत बसायचास.

मी गुरुवारी रजा घेऊ का? की शनिवारीच मळ्यावर जाऊन झाडून ठेवू? की तू ओदेतला घेऊन चित्रांच्या पुस्तकातला भात खाणार आहेस आणि मी उगाच गोंधळ घालतेय? काही कळत नाही.

गोंधळलेली,
डेल्फिना


लिस्बन, खानावळ
मंगळवार, २६ मे

इलीदियो,

हा कागद बघून हसू नकोस. मेजावर अंथरायचा कागद आहे, दुसरा नव्हता. कोपऱ्यात तेलाचा डाग आहे तो माझा नाही, कालच्या गिऱ्हाइकाचा. तुम्ही दुपारी पोचाल तेव्हा हे तुमच्या उतरायच्या जागी गल्ल्यावरच्या बाईकडे ठेवलेलं असेल. ओदेतला आधी चहा घेऊ दे. तू एकट्याने वाच.

काल मी आणि एर्मीनियो मागच्या दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होतो. माझ्या मनात दोन आठवडे एकच चाललं होतं, तू इथं आलास आणि हा बोलघेवडा माणूस काही बोलून गेला तर. म्हणून मी म्हटलं, मालक, माझा भाऊ आला तर त्या जुन्या फोनचं काही काढू नका.

तो शेंगा सोलायचा थांबला. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून चांगल्या कानाच्या बाजूला सरकले.

तो म्हणाला, “डेल्फिनाबाई, त्याला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“मी तुला निरोप दिला होता, ते. दफनाच्या दिवशी फाटकात मला गाठून विचारलं त्यानं, निरोप दिला होतात का? मी म्हटलं, दिला की, शुक्रवारीच दिला, ती कॉडचे काटे काढत होती. मला काय माहीत तो कशासाठी विचारतोय.”

“मग काय म्हणाला?”

“टोपी काढून हातात घेतली आणि आत तुझ्याकडे गेला.”

मी म्हटलं, अकरा वर्षं मला सांगितलं नाहीत? तर म्हणतो, “तू अकरा वर्षं म्हणत होतीस, आठवत नाही. म्हटलं, नसेल आठवत.” आणि परत शेंगा सोलायला लागला.

इलीदियो, तू आत आलास तेव्हा मी तुला काय म्हटलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. सगळं गाव उभं होतं, पाद्री उभे होते. मी म्हटलं, आईपेक्षा तुला तुझी बस महत्त्वाची. तू टोपी दोन्ही हातांत फिरवलीस आणि म्हणालास, “तू गुरुवार लिहिलं होतंस.” तेवढंच. मी ओरडले, मळा लिहिलं होतं. तू गप्प झालास. मला वाटलं, तुझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. कालपर्यंत मला असंच वाटत होतं. तुझ्याकडे बोलायला सगळं होतं. तू एक वाक्य बोलला असतास तर बुसेलासमध्ये मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्याऐवजी आईच्या जेवणाला न आलेला मुलगा म्हणून तू तिथून निघून गेलास, आणि मी लोकांना सांगत राहिले, दोष भाषेचा.

आता मी सांगते. मला आठवतं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं, तेही आठवत होतं म्हणूनच नीट लिहिता आलं.

त्या शुक्रवारी अकरा वाजले असतील. एर्मीनियो दारातून म्हणाला, तुझ्या भावाचा फोन होता, बुधवारी उतरतोय, गुरुवारच्या जेवणाला थेट येतो म्हणाला. गर्दी नव्हती. अकराला कधी गर्दी असते? माझ्या हातात कॉडचा तुकडा होता. मला त्याच क्षणी कळलं तू काय वाचलंस. फोन माझ्यापासून चार पावलांवर, भिंतीला. नंबरांची वही त्याच्याखाली खिळ्याला. मी हात धुतले. हात पुसले. आणि पुढचा मासा घेतला. शनिवारी दिवसभर मी त्या फोनसमोरून येजा केली.

का, ते मी अकरा वर्षं स्वतःला विचारतेय आणि मला नीट सांगता येत नाही. नऊ वर्षं मी तिचे केस धुतले, पाय चेपले, दर रविवारी दोन बस बदलून गेले. आणि तिच्या तोंडी काय? इलीदियो आला की हे काढू, इलीदियोला हे आवडतं, ते लोणी ठेव, इलीदियो येईल. मी तिथं समोर उभी असायचे. मला वाटलं, एकदा, एकाच रविवारी, तिला दिसू दे की तो आला नाही आणि ही आली आहे. बुधवारी तू येशीलच, सगळे हसतील, गुरुवारी परत जेवू, इतकंच माझ्या डोक्यात होतं. बुधवार येणारच नाही हे मला कुठं माहीत होतं? पण हे मी स्वतःला सोडवण्यासाठी लिहीत नाही. तिने त्या दिवशी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती फाटकाकडेच बघत होती.

अजून एक आहे. ते कोणालाच ठाऊक नाही, एर्मीनियोलाही नाही.

तुझी ताटली मी झाकून ठेवली होती. मंगळवारी माणसं यायला लागली, घरात दुसरं गोड काही नव्हतं. मी ताटली काढली. ‘इ’ तसाच होता, लांब शेपटीचा. तो लोकांपुढे कसा नेणार? मी बोटाने ती दालचिनी पसरून टाकली, सगळीकडे सारखी केली, आणि भाताच्या वड्या कापल्या. बुधवारी दफनानंतर स्वयंपाकघरात उभ्यानं तू एक वडी तोंडात टाकलीस आणि म्हणालास, आईच्या हातचा आहे. मी म्हटलं, हो. ती तुझीच ताटली होती, बाळा. तुझं नाव मी पुसलं होतं.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं, हे वाचून तू आलाच नाहीस तर? न सांगता जेवायला बसवलं असतं तर निदान एकदा समोर बसून जेवला असतास. सकाळपासून तीनदा हा कागद गोळा करून टाकला आणि तीनदा उलगडला, चुरगळलेला दिसतोय तो त्यामुळे. पण तुला ठाऊक असताना तू मला विचारलंस, कुठं जेवायचं. सगळं ठाऊक असताना. आणि मी तुला राटोच्या मागच्या पायऱ्या सांगत बसले.

काल शेंगा सोलून झाल्यावर मला तुझं ‘हो’ कळलं. कळलं असं वाटतंय, चुकत असेन तर माफ कर, तू लिहितोसच एवढं थोडं. मी विचारलं गुरुवार की मळा. तू म्हणालास हो.

तर ऐक. लिस्बनमध्ये कुठं जेवायचं याचं माझं उत्तर असं की परवा लिस्बनमध्ये जेवायचंच नाही. गुरुवारी, मळ्यावर. अठ्ठावीस मे, दुपारी एक वाजता, दगडी मेजावर. तारीख लिहिली, वार लिहिला, जागा लिहिली, वेळ लिहिली. बस सव्वादहाला सुटते, उजव्या बाजूला बसा, डावीकडे ऊन येतं. मी उद्या दुपारीच पुढे जाते. कोझीदू करणार आहे, मळ्यातलाच कोबी, गाजर, सगळं मांस एका पातेल्यात, सकाळी सातला चुलीवर चढेल. एर्मीनियोने गुरुवारी खानावळ बंद ठेवलीय. दारावर पाटी लावली, ‘मालकाला विश्रांती’. तो येणार नाही, घाबरू नकोस. मी नसले तर त्याला कोझीदू जमत नाही, म्हणून बंद, एवढंच.

गोड भात मी आजपर्यंत परत केला नव्हता. उद्या करणार. ताटलीवर तुझं अक्षर काढून ठेवीन, माझं तिच्यासारखं येणार नाही. खानावळीत हात न लावलेली ताटली उचलून नेतात. मी उचलणार नाही. एक वाजता नाही आलास तर चार वाजेपर्यंत राहील, चार वाजता झाकून ठेवीन. फाटकाकडे तोंड करून बसेन. मला तेवढं बसलंच पाहिजे.

ओदेतला सांगायचं की नाही ते तू ठरव. आलास तर दोरी बांधलेल्या खुर्चीवर मी बसेन.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, कॉडचे काटे काढताना, निरोप मिळालेली,

तुझी बहीण
डेल्फिना